पाच मीटर खालचा दसरा

बोराटीचा भाला बिघडला असावा, असं राजनंदिनी हत्तुरेला पहिल्यांदा वाटलं ते मार्चच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी. तिने ते फारसं मनावर घेतलं नाही. मातीचं तापमान मोजायला जमिनीत रोवलेले हे भाले बिघडतात. भूताप मंडळाच्या सोलापूर कचेरीत ती बारा वर्षं नोकरीला होती. उंदरांनी वायर कुरतडलेले, ट्रॅक्टरने वाकवलेले, एका ठिकाणी तर खुंटा समजून म्हैस बांधलेले भाले तिने पाहिले होते. तिने चहा मागवला आणि दुसऱ्या गावाची आकडेवारी उघडली.

पण बोराटीचा भाला म्हणजे काही ऐरागैरा भाला नव्हता. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातल्या एक्केचाळीस गावांचे निवारे त्या एका भाल्याच्या भरवशावर खणले होते. आणि तो उभा होता तिच्या वडिलांच्या शेतात.

निवाऱ्यांची गोष्ट अशी. २०५७ साल होतं, आणि सोलापूरकडे चैत्र-वैशाखात पारा एकोणपन्नासला टेकणं ही आता बातमी राहिली नव्हती. दुपारी बारा ते पाच उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी होती. पण पत्र्याच्या घरात बसूनही माणसं मरत होती, आणि वीज नेमकी तेव्हाच जात होती. तेव्हा सरकारने ठरवलं, की प्रत्येक गावात जमिनीखाली एक मोठं दालन बांधायचं. वर पुन्हा तीच माती लोटायची. पंखे थोडे, यंत्रं जवळजवळ नाहीत. गारवा द्यायचा तो मातीने. कागदावर त्याचं नाव ‘भूशीत निवारा’ होतं. लोक त्याला पेव म्हणत, कारण त्यांच्या पणज्यांनी ज्वारी जमिनीत पुरून ठेवली ती पेवातच. बोराटीच्या पहिल्याच ग्रामसभेत एका म्हाताऱ्याने विचारलं होतं, “आमी काय जोंधळा हाव का, पेवात भराया?” सभा हसली, आणि नाव कायमचं चिकटलं.

प्रश्न एवढाच होता, की किती खोल?

मातीत ऊन उतरतं, पण फार आळशीपणाने उतरतं. दिवसाची उष्णता हातभर खाली जाईपर्यंत मरून जाते. रात्र-दिवस हा फरक तिथे कळतच नाही. वर्षाची उष्णता मात्र चिवट असते. उन्हाळ्याची लाट खाली खाली सरकत राहते, आणि जितकी खोल जाते तितकी ती मऊ होते आणि तितकी तिला उशीर होतो. मीटरभर खाली उन्हाळा महिन्याने पोचतो. पावणेतीन मीटरवर तीन महिन्यांहून जास्त लागतात. पाच मीटरवर अर्धं वर्ष, म्हणजे वैशाखातलं ऊन तिथे कार्तिकात पोचतं, आणि वर माणसं होरपळत असतात तेव्हा तिथे अजून गेल्या हिवाळ्याचा अंमल असतो. ही लाट नेमकी किती वेगाने सरकते ते मातीवर अवलंबून. कोरडी, भुसभुशीत माती तिला अडवते. घट्ट, ओली माती वाट देते. म्हणून मंडळाने भाला रोवला होता. पाच मीटर लांबीची नळी, दर वितीवर एक संवेदक, आणि अंशाचा हजारावा भाग ओळखण्याइतका बारीक कान. वर्षभर तो ऐकत राहिला, आणि त्यावरून राजनंदिनीने हिशेब मांडला: छताची खोली दोन मीटर पंचाहत्तर.

त्याहून जास्त का नाही? कारण एक्केचाळीस गावांत एकेक मीटर जास्त खणायचं म्हटलं, तर दोन उन्हाळे वाया गेले असते. कमी का नाही? त्याचं कारण माणसाचं अंग. माणसाची कातडी चौतीस-पस्तीस अंशांची असते, आणि तीनशे माणसं पाच तास एका दालनात बसली, की त्यांच्या अंगची उष्णता कुठेतरी जावी लागते. ती भिंतीत जाते; पण भिंत अंगापेक्षा गार असेल तरच. मंडळाने मर्यादा घातली होती बत्तीस अंशांची. भिंत चौतीसवर गेली, की ती माणसाचं काही घेत नाही, आणि मग ते दालन म्हणजे दार लावलेली भट्टी.

गेल्या जुलैत राजनंदिनीचा आकडा मंजूर झाला. बोराटीच्या आलेखाइतकी स्वच्छ रेघ राज्यात दुसऱ्या कुठल्या केंद्राची नव्हती. पुण्याच्या मुख्य कचेरीत त्या केंद्राचे फोटो ‘आदर्श केंद्र’ म्हणून भिंतीवर लागले होते. मधोमध भाला, भोवती तारेचं कुंपण, आणि आत नीटनेटकी, कणीदार, काळी जमीन. तो फोटो महिन्याच्या महिन्याला तिचे वडील पाठवत. कुंपणाची किल्ली त्यांच्याकडेच होती.

तर, हा भाला बिघडला. खरं म्हणजे हिवाळ्यातच त्याने लक्षण दाखवलं होतं. डिसेंबर-जानेवारीत दीड-दोन मीटरवर अपेक्षेपेक्षा जास्त गारठा दिसला, आणि कचेरीत सगळे खूश झाले. म्हणाले, पेवं आणखीनच गार होणार. आपल्या फायद्याच्या चुकीची चौकशी कोणी करत नाही. आता मार्चमध्ये तीच माती वेळेआधी तापायला लागली होती.

चहा संपल्यावर राजनंदिनीने एक साधं काम केलं. प्रत्येक खोलीवर रेघ गेल्या वर्षीपेक्षा वेगळी व्हायला कधी सुरुवात झाली, ती तारीख तिने एकाखाली एक मांडली. भाला बिघडला असता तर सगळ्या तारखा एकच निघाल्या असत्या. त्या एक नव्हत्या. वरच्या संवेदकांची तारीख ऑक्टोबर अखेरची, त्याखालची नोव्हेंबरची, त्याखालची जानेवारीची. साडेतीन मीटरखालच्या संवेदकांना अजून काही कळलंच नव्हतं. तारखांमधून तिने रेघ ओढली आणि ती वर, जमिनीपर्यंत नेली. ती ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येऊन टेकली.

भाला खोटं बोलत नव्हता. दसऱ्याच्या सुमाराला बोराटीच्या जमिनीवर काहीतरी घडलं होतं, आणि त्याची बातमी हळूहळू खाली उतरत होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बोराटीत काय घडलं होतं, ते राजनंदिनीला चांगलंच ठाऊक होतं. त्या दिवशी आप्पा पडले होते.

*

सिद्राम हत्तुरे, वय बहात्तर, खुबा मोडल्यापासून लेकीच्या सोलापूरच्या दोन खोल्यांत राहत होते आणि त्या दोन खोल्यांना कंटाळले होते. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. लेकीने लग्न केलं नव्हतं, आणि त्यावर बोलायचं त्यांनी अलीकडे सोडलं होतं. शेतातला मोठा तुकडा गावाच्या निवाऱ्याला दिल्यावर उरलं होतं ते रान पडीक होतं. ते खिडकीशी खुर्चीत बसत, आणि समोरच्या सोसायटीचा माळी चुकीच्या वेळी पाणी घालतो म्हणून चिडत.

दुपारी जेवताना राजनंदिनीने सहज विचारावं तसं विचारलं, “आप्पा, तुम्ही पडलात ते नक्की कुठं?”

“बांधावर. किती डाव सांगू?”

“कुठल्या बांधावर?”

आप्पांनी भाकरीचा तुकडा दह्यात जरा जास्तच वेळ फिरवला. “आता इचारतीसच तर सांगतो. तुज्या भाल्यापाशी. कुंपणाच्या दारात पाय अडकला. सरकारी जागा, म्हणून बोललो न्हाई.”

“तिथं कशाला गेला होतात?”

“कोळपाया.”

राजनंदिनीच्या हातातली वाटी तिथेच राहिली. काळ्या रानात हे काम माहीत नसलेला माणूस नाही. पावसाळा सरला, की काळी माती सुकते, आक्रसते आणि फाटते. पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून ज्वारीच्या ओळींमधून कोळपं फिरवायचं. कोळप्याची पास, म्हणजे आडवं पातं, वरची चार बोटं माती सुटी करते, ती माती भेगांत पडते, भेगा बुजतात आणि खालची ओल खाली राहते. आप्पांचं कोळपं जुन्या सायकलच्या चाकावर बसवलेलं होतं. ते हाताने ढकलत ते ओळीतून गेले, की मागची जमीन चाळून ठेवल्यासारखी दिसे.

“भाल्याभोवती? कोळपलंत?”

“मग? तू एवढं यंत्र लावून गेलीस, आन् भोवती ह्या भेगा. बरं दिसंना. येणाऱ्या-जाणाऱ्यानं काय म्हणावं, सिद्रामाच्या लेकीचं यंत्र आन् जमीन अशी फाटलेली? दर पंधरा दिसांनी फिरवायचो कोळपं. उन्हाळ्यातबी सोडलं न्हाई.” ते खुशीत आले. “फोटू बगितलास न्हवं? पुण्याला भिंतीवर लावल्यात म्हणालीस.”

तिने फोटो पाहिले होते. बारा महिन्यांचे बारा पाहिले होते, आणि एकदाही तिला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. दुसरा कोणी अधिकारी असता तर त्याने विचारलं असतं, की एप्रिलात काळ्या रानाला एक भेग कशी नाही? राजनंदिनीने विचारलं नाही, कारण जन्मल्यापासून तिने आप्पांची जमीन अशीच पाहिली होती. तिच्या डोळ्यांना जमीन म्हणजे तीच.

“का गं? काय झालं?” आप्पांनी विचारलं.

“काही नाही. दही घ्या अजून,” ती म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी ती बोराटीला गेली. निवारा गावाच्या उत्तरेला होता. छतावरची जमीन तारेने बंदिस्त केली होती, आणि कुंपणावर मंडळाचीच पाटी होती: ‘या जागेत नांगरणी, खोदाई, जनावरे यांस सक्त मनाई.’ मनाई तंतोतंत पाळली गेली होती. माती लोटून झाल्यापासून तिथे कोणी पाऊल टाकलं नव्हतं. जमीन उभी-आडवी फाटली होती.

सरपंच जरीना मुलाणी तिच्याबरोबर होत्या. पन्नाशीच्या, खणखणीत आवाजाच्या, आणि प्रत्येक गोष्टीची मुदत विचारणाऱ्या. राजनंदिनीने दोरीला तापमापक बांधून एका भेगेत सोडला. दोरी सव्वा मीटर गेली तेव्हा कुठे टेकली.

“हे चालतं का?” जरीनाबाईंनी विचारलं.

“काय?”

“एवढं फाटलेलं. तुम्ही म्हणला होता, वरचं ऊन आत जायला तीन महिने लागतात. हितनं तर मांजर आत जाईल. ऊन कशाला थांबतंय?”

मंडळाच्या सगळ्या संगणकांनी मिळून जे विचारलं नव्हतं, ते या बाईने उभ्या उभ्या विचारलं. हिशेब अखंड मातीचा होता. भेगेतून तापलेली हवा थेट आत शिरत होती. म्हणजे वरचा सव्वा मीटर असून नसल्यासारखा. निवारा पावणेतीन मीटर खोल नव्हताच. मातीच्या लेखी तो दीड मीटरवर होता.

त्या खाली उतरल्या. दालन रिकामं होतं, ओल्या चुन्याचा वास येत होता. भिंत तीस पूर्णांक चार. या दिवसांत ती एकोणतीस पूर्णांक आठ असायला हवी होती. दिसायला अर्धा अंश. पण राजनंदिनीने महिन्याभराच्या नोंदी चाळल्या, तर पारा ठरल्यापेक्षा चौपट वेगाने चढत होता. तिने तिथेच, पायरीवर बसून, जूनच्या मध्याचा अंदाज काढला. तेहतीस पूर्णांक आठ. त्यात तीनशे माणसांची ऊब.

“मुदत काय?” जरीनाबाईंनी विचारलं.

“पाडव्यापर्यंत सांगते.”

“सांगा. लोकांनी पत्र्याच्या शेडी मोडल्यात. पेव हाय म्हणून.”

*

पुण्याहून तिचे वरिष्ठ फरांदे सर पडद्यावर आले. सज्जन माणूस होता. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“हे आणखी कोणाला माहीत आहे?”

“बोराटीच्या सरपंचांना अंदाज आहे. बाकी कोणाला नाही.”

“मग मी सांगतो ते ऐका. भाला बिघडला असं लिहा. भाला काढून आणा. पुढच्या वर्षी नवा रोवू, नवा आकडा काढू, नवे निवारे खोल खणू.”

“आणि या वर्षी, सर?”

“या वर्षी लोक खाली बसतील. चौतीस अंशांत बसतील. वर एकोणपन्नास आहे, राजनंदिनी. तुम्ही जर जाहीर केलंत की पेवं धोक्याची आहेत, तर लोक उतरणारच नाहीत. घरात बसतील आणि मरतील. ते कोणाच्या नावावर टाकायचं? शिवाय कारण काय लिहिणार तुम्ही? वडिलांनी कोळपलं? तुमचेच वडील, तुमचंच शेत, तुमचाच आकडा. चौकशी समिती तुम्हाला सोलून काढेल. त्यांनाही बोलावतील, या वयात.”

त्यांचं बोलणं खोटं नव्हतं, हीच अडचण होती. राजनंदिनीने विचार करते म्हणून सांगितलं.

तिने खरंच विचार केला. दोन दिवस केला. चौकशीची भीती तिला होती, पण ती मोठी नव्हती. आप्पांना सांगायचं कसं, याची भीती मोठी होती. त्या माणसाने आयुष्यात लेकीच्या कामाला एकदाच हात लावला होता, आणि तो प्रेमाने लावला होता. तो हात लावला नसता, तर आकडा बरोबर आला असता. हे त्यांना न सांगता जमण्यासारखं होतं. भाला बिघडला, एवढं लिहिलं की झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने खुर्ची ओढली आणि आप्पांच्या समोर बसून सगळं सांगितलं. भेगा, लाट, दीड मीटर, एक्केचाळीस गावं. आप्पा ऐकत राहिले. मधे त्यांनी एकदाच विचारलं, “किती गावं म्हणालीस?”

“एक्केचाळीस.”

मग ते खिडकीकडे वळले. त्या दिवशी त्यांनी माळ्याला शिव्या दिल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही दिल्या नाहीत. जेवायला हाक मारली की येत, जेवत, आणि परत जात. राजनंदिनीला वाटलं, आपण नको ते केलं. तिला रडू आलं, आणि ते तिने बाथरूममधला नळ सोडून उरकून घेतलं.

पाचव्या दिवशी आप्पा आपणहून बोलले. “कागूद लिवलास का?”

“लिहिलाय. पाठवला नाही.”

“वाच.”

तिने वाचलं. ‘संदर्भ केंद्र बोराटी येथील जमीनधारक श्री. सिद्राम हत्तुरे यांनी मोजणीच्या संपूर्ण काळात भाल्याभोवतीच्या जमिनीची नियमित कोळपणी केल्याने पृष्ठभागावर भेगा पडल्या नाहीत. परिणामी अनुमानित खोली प्रत्यक्ष पडीक जमिनीस लागू होत नाही.’

“नियमित लिवलंयस?”

“हो.”

“पंधरा दिसांनी लिव. नुसतं नियमित म्हणलं की लोकास्नी वाटतंय, कवातरी केलं असंल. आन् आता मला एक सांग. कोळपलं म्हणून गार ऱ्हायलं, व्हय?”

“हो.”

“आन् पेवावर कोळपलं न्हाई, म्हणून तापतंय.”

“हो.”

“मग कोळपा की! तुमी पाटी लावून मनाई केलीया, त्येला मी काय करू?”

राजनंदिनी उठून उभी राहिली. पाच दिवस ती आकडा चुकला कसा याचा विचार करत होती. आकडा चुकलाच नव्हता. ज्या जमिनीचा तो होता, ती जमीन दुसरी होती. आणि ती जमीन तयार करता येत होती. तिने संगणक उघडला, वरच्या थरात सुटी माती घातली, भेगा पाडव्याच्या आत बुजल्या असं धरलं, आणि जूनच्या मध्याचा अंदाज पुन्हा काढला. जी उष्णता आत गेली होती ती गेलीच होती. पण चैत्र-वैशाखाची मोठी लाट अजून वरच होती. उत्तर आलं, बत्तीस पूर्णांक एक.

“काठावर आहे,” ती म्हणाली.

“काठावर कशाला? माणूस नीट कोळपणारा पायजे,” आप्पा म्हणाले. “मला बोराटीला ने.”

*

कागद गेला. फरांदे सरांनी तो अडवला नाही. त्यांनी सही केली आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘उपाय तातडीने करावा.’ चौकशी लागायची ती लागली. आठवड्याच्या आत राजनंदिनीला अनुमानाच्या कामावरून काढलं, आणि तिच्याकडे कोळपणीच्या देखरेखीचं काम आलं. ज्याने शिक्षा म्हणून हे ठरवलं, त्याने काळं रान पाहिलेलं नसावं.

अडचण मनाई उठवण्याची नव्हती, ती एका दिवसात उठली. अडचण होती ती कोळपी नसण्याची. वीस वर्षांत सगळी कामं भाड्याच्या यंत्रांनी होत आली होती, आणि तेवढं वजन निवाऱ्याच्या छतावर चढवता येत नव्हतं. मंगळवेढ्याच्या वेल्डरांनी जुन्या सायकली गोळा करून कोळपी बनवली. ती पहिल्यांदा सगळी चुकीची बनली. पास उभी बसवल्यामुळे माती उकरायची, सरकायची नाही. आप्पांनी बोराटीच्या छतावर खुर्चीत बसून ती पाहिली आणि परत पाठवली.

सकाळी सहा ते नऊ काम चाले. आधी ढेकळं फोडून भेगांत माती लोटायची, मग कोळपं. जरीनाबाईंनी गावाच्या गल्ल्यांना पाळ्या लावून दिल्या होत्या, आणि पाळी चुकवणाऱ्याचं नाव त्या भोंग्यावरून सांगत. आप्पा काठीने खुणा करत.

“दाबू नगं! दाबलं की पास आत जाती. नुसतं वरचं वरचं चाल. जमिनीला कळलं न्हाई पायजे.”

“आप्पा, भाल्याभोवती पण फिरवू का?” एका बाईने विचारलं.

“तिकडं पाऊल टाकायचं न्हाई!” आप्पा एवढ्यांदा ओरडले, की ती दचकली. “तिथं आता खरं काय ते कळू दे.”

एक्केचाळीसपैकी अडतीस गावांनी पाडव्याच्या आत पहिली कोळपणी संपवली आणि पुढे दर पंधरा दिवसांनी चालू ठेवली. तीन गावांनी कागद आला तसा फायलीला लावला. मेच्या शेवटच्या आठवड्यात त्या तीन गावांची पेवं बंद करावी लागली, आणि तिथली माणसं रोज पहाटे शेजारच्या गावांत नेऊन बसवावी लागली. त्यात दोन म्हातारी माणसं वाटेतच गेली. राजनंदिनीने त्यांची नावं विचारून घेतली आणि आपल्या वहीत लिहून ठेवली, तीनही गावांतली दारं ठोठावायला आपण स्वतः गेलो नाही हे तिला ठाऊक होतं म्हणून.

*

त्याच आठवड्यात बोराटीत पारा एकोणपन्नास पूर्णांक आठवर गेला. साडेअकराला भोंगा झाला आणि लोक खाली उतरले. तीनशे बारा माणसं, शेळ्या वरच, कुत्री मात्र कोणाला न विचारता आत. आप्पांना चौघांनी खुर्चीसकट उतरवलं.

पहिला तास नेहमीसारखा गेला. दुसऱ्या तासाला वीज गेली आणि पंखे थांबले. बोलणं कमी झालं. राजनंदिनी भिंतीशी मापक धरून उभी होती. एकतीस पूर्णांक चार. पाच. सहा. जरीनाबाई लांबून नुसत्या भुवया उंचावून विचारत होत्या, आणि ती हाताने थांबा म्हणत होती. चार वाजता आकडा एकतीस पूर्णांक नऊवर आला आणि तिथेच बसला. पाचला तो एकतीस पूर्णांक नऊच होता. भिंत माणसांची ऊब घेत होती. कोपऱ्यात कोणाचं तरी तान्हं मूल आईच्या मांडीवर गाढ झोपलं होतं.

तिने मापक खाली ठेवला आणि आप्पांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. आप्पांनी पाठ भिंतीला लावली होती.

“टिकलं?”

“टिकलं. पण जून बाकी आहे.”

“जूनलाबी कोळपू.” मग ते म्हणाले, “आन् तुजा भाला काय म्हणतुया? खरं बोलाया लागला का?”

“वरून खाली सगळा बदललाय. दसऱ्यापासून कोणी कोळपलं नाही, हे त्याला पावणेपाच मीटरपर्यंत कळलंय.”

“आन् त्येच्या खाली?”

राजनंदिनीने सकाळीच पाहिलं होतं. सगळ्यात खालचा संवेदक, पाच मीटरवरचा, गेल्या वर्षीच्या रेघेवरून अजून केसभरही ढळला नव्हता. भेगा हळूहळू रुंदावल्याने बातमीला अर्ध्या वर्षाहून जास्त लागत होतं; ती तिथे पोचायला अजून काही दिवस होते.

“तिथं अजून गेला दसराच आहे, आप्पा. तिथं तुम्ही अजून कोळपताय.”

आप्पांचा हात नकळत मोडलेल्या खुब्यावर गेला.

“म्हंजी तिथं मी अजून पडलोच न्हाई म्हण की,” ते म्हणाले.

“नाही पडलात.”

“किती दीस?”

“दहा-बारा दिवस असतील.”

“ऱ्हाऊ दे मग,” आप्पा म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटून पाठ पुन्हा भिंतीला टेकली. वर सव्वापाचचा भोंगा झाला तेव्हा लोक उठले, चटया झटकल्या आणि पायऱ्या चढू लागले. ते दोघं मात्र आणखी थोडा वेळ तसेच बसून राहिले.